बंदुकीला चिंच लावू नये

दिवाळी अंकाच्या संपादिकाबाईंनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही कधी कुणाला मारलंय का हो?"

मी म्हटलं, "माशा. दुकानात गिऱ्हाईक नसलं की दुसरं काय मारणार?"

बाई हिरमुसल्या. बंदुकांच्या दुकानात हयात घालवलेल्या माणसाकडून त्यांना डाकू, वाघ, गेला बाजार एखादा पेटलेला भाऊबंद तरी हवा होता. वाघ माझ्याकडे नाही. भाऊबंद मात्र चिक्कार आहेत. आजोबा गेले, बंदूक राहिली, आता तिचे किती येतील बोला, असं म्हणत आलेले वारसदार हेच माझं गिऱ्हाईक होतं आणि माझं पोटही त्यांच्यावरच चाललं. त्यामुळे त्यांना नावं ठेवायचा मला पूर्ण हक्क आहे.

मी मूळचा कंपनीतला, टूलरूममधला फिटर. कंपनीला टाळं लागलं तेव्हा चिंचवडात मामांच्या दुकानात दुरुस्तीला बसलो, आणि बसलो तो बसलोच; मामांच्या मागं दुकानही माझ्याकडेच आलं. आता गुडघे बोलायला लागल्यावर रहाटणीत घरी असतो. दुकानाच्या पाटीवर खरेदी, विक्री आणि दुरुस्ती असं लिहिलेलं होतं. पण ज्यासाठी लोक लांबलांबून यायचे ते काम पाटीवर नव्हतंच. जुन्या बंदुकीची, त्यातही कडीच्या बंदुकीची किंमत सांगणं, हे ते काम.

कडीची बंदूक म्हणजे काय ते सांगतो. जुन्या विलायती सिनेमात रुंद टोपीवाले घोडेस्वार एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात जी रायफल घेऊन धुरळा उडवतात, ती ही. चापाच्या खाली बोटं घालायला एक लोखंडी कडी असते. ती खाली ओढायची आणि परत वर घ्यायची. खटॅक-खट्. रिकामं काडतूस बाहेर, भरलेलं आत. कागदावर लिव्हर अ‍ॅक्शन असं लिहितात, आमच्याकडे मावळातली माणसं कडीची म्हणतात. साहेब लोकांनी या शिकारीला आणल्या आणि इंग्रजी राज्य संपून जाताना ते त्या कुणा पाटलाला, कुणा इनामदाराला, कधी चक्क स्वयंपाक्याला देऊन गेले. तिची काडतुसं आता मिळत नाहीत. म्हणजे वस्तू अशी, की तिला परवाना लागतो, कुलूप लागतं, तेलपाणी लागतं, निवडणूक आली की पोलिसांकडे नेऊन ठेवावी लागते, आणि एवढं करून उडत तर नाहीच. घरजावयाचे सुद्धा कुणी इतके लाड करत नाही.

तरी तिला किंमत असते, आणि ती सांगायची तर भांडण ठरलेलं. वारसदार मोबाइल घेऊनच यायचा. अमेरिकेत अशीच बंदूक लिलावात गेली, हे बघा डॉलर, गुणिले इतके, बरोबर इतके रुपये. बहुतेकांनी घराच्या फरशीचा रंगसुद्धा ठरवलेला असायचा. मी शांतपणे म्हणायचो, "मग अमेरिकेतच विका की!" बंदूक देशाबाहेर पाठवणं तुमच्या-आमच्या हातात नाही. विकायची ती इथल्याच माणसाला, तीसुद्धा परवाना असलेल्या. म्हणजे मुलगी लाखात एक, पण स्थळं तीन, त्यातलं एक दम्याचं आणि एक चिकट. अशा लग्नात हुंडा कोण कुणाला देणार?

तरी मी बघायचो. आधी स्क्रू बघायचो. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या असल्या की समजायचं, या घरात स्क्रूड्रायव्हर होता आणि रविवारी कुणाला काम नव्हतं. मग सगळ्या भागांवरचे नंबर जुळतात का, नळी आतून खाल्लीय का, लाकडाला कुणी दाराचं वॉर्निश फासलंय का. आणि शेवटी तिचं अंग. अंग हा आमचा शब्द. कारखान्यातून निघताना पोलादाला जो काळानिळा रंग चढवलेला असतो, तो वर्षानुवर्षं हात लागून कडांना तपकिरी होतो. त्याला अंग म्हणायचं. तो मळ नव्हे, ती किंमत. हौशी माणूस पैसे मोजतो ते त्या रंगाचे. बाकीचं लोखंड काय, भोसरीत भंगारवाल्याकडे किलोवर मिळतं.

आणि आमच्या पट्ट्यातल्या लोकांना नेमकं हेच पटत नाही. इथं प्रत्येकाचा एक तरी मेव्हणा कुठल्या तरी वर्कशॉपात असतो. जुनं दिसलं की घे बफिंगला, दे प्लेटिंगला. चाकणचा एक छोट्या कारखान्याचा शेडवाला आजोबांची कडीची बंदूक गोधडीत गुंडाळून घेऊन आला. गोधडी सोडली आणि मला दुकानातल्या दुकानात उन्हाळा लागला. बंदूक आख्खी केशरी! माती उकरायच्या मशीनला जो रंग देतात, तोच.

"पावडर कोटिंग मारलं राव," तो कौतुकानं म्हणाला. "रंग उरलाच होता. फुकटात झालं."

आमच्याकडे किंमत रुपयांपेक्षा गाडीत सांगितलेली लवकर कळते. मी म्हटलं, "भाऊ, काल आणली असती तर हिच्यात एक चांगली चारचाकी आली असती. आता रिक्षाचं मागचं चाक येईल." तो मला वेडा समजून निघून गेला. ती बंदूक अजून त्याच्या ऑफिसात भिंतीवर आहे आणि तिथल्या सोफ्याच्या रंगाला म्हणे मॅच होते.

ही सगळी प्रस्तावना हौसाक्कांसाठी. कारण जन्मभर मी लोकांना सांगत आलो की बंदूक घासू नका, आणि ते नीट ऐकून घेतलं असेल तर एकट्या त्यांनी.

हौसाक्का पुनावळ्याच्या. जुनं गावकरी घर. त्यांचे वडील, आबा, गेले आणि नियमाप्रमाणे त्यांची बंदूक माझ्या दुकानात जमा करायला तिन्ही भावंडं आली. परवानेवाला गेला की बंदूक पोलिसात किंवा दुकानदाराकडे ठेवायची असते, ती पुढं कुणाच्या नावावर होईपर्यंत किंवा विकली जाईपर्यंत. थोरला संपतराव, कंपनीतून रिटायर. धाकटा विलास, चाकणला टेम्पो चालवायला देणारा. दोघं पुढून उतरले. मागच्या सीटवरून बंदूक मांडीवर घेऊन हौसाक्का उतरल्या. दोघांपेक्षा मोठ्या, कपाळ मोकळं, पदर खोचलेला. नवऱ्यानं फार पूर्वी टाकलेल्या, तेव्हापासून माहेरीच. आबांचं दुखणं-खुपणं त्यांनीच काढलं. जमीन बिल्डरला गेल्यावर दोघे भाऊ एकाच टॉवरमध्ये वरखाली राहत, आणि आक्का महिना वर, महिना खाली.

मी गोधडी सोडली, आणि चष्मा काढून पुसून परत लावला. अहो, काय अंग होतं! काळंनिळं, नळीच्या टोकाला आणि कडीवर तेवढं तपकिरी झालेलं, स्क्रू जसेच्या तसे, सगळे नंबर जुळलेले. माझ्या हातून गेलेल्या कडीच्या बंदुकांत अशी दुसरी नाही. मी पटकन किंमत बोलून बसलो. "मोठी गाडी येईल. नवी. छत उघडणारी."

विलास म्हणाला, "मंग काय शेठ, काढा विकून."

विकायला तिघांच्या सह्या लागत होत्या. आक्का म्हणाल्या, "म्या न्हाई देनार सही. बंदूक माझ्या नावावं करा."

विलास हसायलाच लागला. "बाईमाणसाला बंदूक? उद्या म्हनशील डंपर पायजे."

संपतराव समजावणीच्या सुरात म्हणाला, "आक्का, तुझा हिस्सा तुला रोख देऊ की. भिंतीला टांगून काय खानार हायेस?"

भाऊ चहाला बाहेर गेले, तेव्हा आक्का मला म्हणाल्या, "भाऊ, हिच्यात काडतूस न्हाई ह्ये मला ठाव हाय. त्या दिवशी बी नव्हतं."

मग तो दिवस त्यांनी सांगितला. हायवे झाला आणि पुनावळ्यात जमिनीला सोन्याचा भाव आला त्या काळातली गोष्ट. सकाळी एक टोळकं जीपमधून आलं आणि यांच्या शेतात खांब रोवायला लागलं. आज खांब, उद्या तार, परवा मालक, अशी तेव्हा पद्धत होती. दोघे भाऊ फर्स्ट शिफ्टला. आबा अंथरुणाला खिळलेले. आक्कांनी भिंतीवरची बंदूक काढली, बांधावर जाऊन उभ्या राहिल्या आणि कडी ओढली. खटॅक-खट्.

"येवढाच आवाज. दुसरं कायबी न्हाई केलं. खांब तिथंच टाकून पळाले. ते खांब आमच्या गोठ्याला लावले मंग." त्या हसल्या, आणि मग हसू गेलं. "त्या जमिनीचं टावर झालं. दोघांना फ्ल्याट मिळालं. मला न्हाई म्हनायचं न्हाई, जेवाय-खायाला घालत्यात. पर भाऊ, माझं म्हनावं असं त्या घरात ह्ये एकच हाय. तीबी इकून टाकली तर मी कोन?"

परवाना आबांचा असताना आक्कांनी असं बंदूक घेऊन उभं राहणं कायद्यात बसत नाही, हे मला छापील लिहावंच लागेल. पण ते ऐकताना मी कायदा काढला नाही, हेही लिहितो.

त्यांनी विचारलं, "भाऊ, हिची निगा कशी ठिवायची? पुसून-बिसून घ्यावी म्हन्ते."

निगा कशी ठेवायची हे मला कुणी विचारलं की माझं प्रवचन सुरू होतं. मी त्यांना केशरी बंदुकीची गोष्ट सांगितली. कोरड्या फडक्यानं पुसा, थेंबभर तेल लावा, बास. घासायचं तर नावच नको. आंबट वस्तू जवळ आणू नका.

"लिंबू लागलं तर?"

"लिंबू एकवेळ परवडलं. चिंच लागली तर संपलंच. हात धुवून येईस्तवर सगळा काळा रंग उतरतो. मग गाडी विसरा, जुनी स्कूटरसुद्धा येत नाही."

"व्हय का?" आक्का म्हणाल्या. "बरं झालं सांगितलं."

घेणारा लगेच सापडला. औंधचे एक दातांचे डॉक्टर होते, कडीच्या बंदुकांचे वेडे. माझ्या तीन स्थळांतलं दम्याचं ते हेच. फोटो पाहूनच त्यांनी होकार कळवला. आता फक्त आक्कांची सही अडली. भावांनी घरी काय केलं ते मला माहीत नाही, पण महिन्याभरात आक्का दुकानात आल्या त्या वाळल्यासारख्या दिसत होत्या. म्हणाल्या, "देते सही. पर येवढी खंडेनवमी होऊ द्या. एकदा पूजा करते, मंग न्या."

यावर कोण नाही म्हणणार? भाऊ म्हणाले चालेल, डॉक्टर म्हणाले चालेल, मीही म्हणालो चालेल.

खंडेनवमीला आमच्या दुकानाचं देऊळ व्हायचं. कंपन्यांत मशीन पुजतात, रिक्षावाले रिक्षा पुजतात, तशी ज्यांची हत्यारं आमच्याकडे जमा असत ती माणसं नवे कपडे घालून, झेंडूच्या माळा घेऊन येत. माझा एकच नियम होता, हळदकुंकू लाकडाला, लोखंडाला नाही. कुंकवाचा ओला टिळा पोलादावर ठेवला की तिथं गंजाचा टिळा उगवतो आणि तो पुढच्या नवमीलाही पुसत नाही. नियम सगळे ऐकायचे आणि कुणी पाळायचं नाही.

आक्का आल्या. हातात पिशवी, पिशवीत डबा, फुलं, नारळ. पुढं रेटारेटी होती, म्हणून मी त्यांना मागच्या खोलीत माझ्या दुरुस्तीच्या टेबलाशी बसवलं आणि बंदूक समोर ठेवली. तेवढ्यात पुढं एका पैलवानानं शोकेसच्या काचेवर नारळ फोडायचा घाट घातला. त्याला आवरण्यात वेळ गेला. काच महत्त्वाची की देव, असा तो वाद होता.

मागं आलो तर आधी आमटीचा वास आला.

बंदूक चकचकत होती. पळी चकचकते तशी. आक्कांच्या एका हातात काथ्या, दुसऱ्या हाताला चिंचेचा कोळ, मनगटापर्यंत. नळी झाली होती, कडी झाली होती, मधला भाग झाला होता. त्या नंबराच्या खोबणीतली चिंच काडीनं काढत होत्या, आपण दसऱ्याआधी समईच्या नक्षीतली काढतो तशी.

"आक्का! अहो काय केलंत हे?"

"काय केलं? पूजेची वस्तू अशी काळीमिट्ट ठिवायची व्हय देवाम्होरं? आबा असल्यापास्नं दरसाल घासतीया मी." असं म्हणून त्यांनी ओल्या बोटानं नळीवर कुंकू लावलं. लोखंडालाच.

मी स्टुलावर बसलो. मला रडायला येत होतं, आणि ते आक्कांसाठी नव्हतं, बंदुकीसाठी होतं. शंभरेक वर्षं जे अंग टिकलं, ते माझ्या टेबलावर, माझ्या छपराखाली, आमटीच्या मालमसाल्यानं गेलं. तसलं परत करता येत नाही. नवा रंग चढवता येतो, पण तो कलप लावल्यासारखा, ओळखू येतो.

दसरा झाल्यावर डॉक्टर बघायला आले. दोघे भाऊ होते, आक्का कोपऱ्यात खुर्चीवर. मी डॉक्टरांना फोनवर काही बोललो नव्हतो, कारण काय बोलावं तेच कळत नव्हतं. डॉक्टर नेहमी कपाळाला दिवा बांधून आणि दात बघायचा तो छोटा आरसा घेऊन बंदूक तपासत. त्यांनी दिवा लावला, गोधडी सोडली, आणि रुग्णाला कधी म्हणाले नसतील अशा आवाजात म्हणाले, "अहो, हिचं तर सगळं इनॅमल गेलंय!"

आरसा खिशात गेला. दिवा विझला. "हे असं कुणी केलं?" असं विचारून उत्तराची वाट न बघता डॉक्टर गेले. जाताना त्यांना खरंच दम लागला होता.

मग भाऊ माझ्यावर फिरले. विलास काउंटरवर हात आपटून म्हणाला, "शेठ, तुमच्या ताब्यात व्हती! भरून द्या गाडी!"

"त्यांना कशापायी बोलतोस?" आक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या. "म्या घासली. दरसाल घासती. आबाला इचार जाऊन."

आबाला विचारायची सोय नव्हती. संपतराव शांत माणूस, पण त्याला हिशेब कळत होता. त्यानं माझ्याकडे रोखून बघितलं. "शेठ, तुमी यातले जाणकार. खरं सांगा, ही दरसाल घासत व्हती?"

वाचकहो, तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. जी बंदूक एकदा चिंचेनं घासली की पांढरी पडते, ती दरसाल घासली असती तर आबा गेले तेव्हा माझ्यासमोर काळी कशी आली असती? माणूस खोटं बोलतो, पोलाद बोलत नाही, हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सुनवायचो. माझ्यासमोर पोलाद होतं, आणि त्याच्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसलेल्या आक्का. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांचं अंगठ्याचं नख तेवढं पदराच्या काठात रुतलेलं होतं. मी एक वाक्य बोललो असतो तर घरी जाऊन त्यांचं काय झालं असतं कुणास ठाऊक.

मी म्हणालो, "संपतराव, मी बंदुकीची किंमत सांगतो. पूजेतलं मला काय कळतं?"

विलासनं विचारलं, "आता काय येईल हिचं?"

"जुनी स्कूटर. बिनकागदाची. आणि घेणारा मिळाला तर."

"मंग घे बाई तूच," विलास म्हणाला, "टांग गळ्यात." आणि आमची काही हरकत नाही, बहिणीच्या नावावर करावी, अशी सही दोघांनी तिथंच माझ्या काउंटरवर केली. स्कूटरसाठी कोण भांडणार? मला इतका आनंद झाला की चहा मी मागवला. आयुष्यात पहिल्यांदाच किंमत उतरवताना मला आनंद झाला.

परवान्याला पुढं बरेच हेलपाटे झाले. चौकशीला आलेल्या हवालदारानं विचारलं, आजी, बंदूक कशाला पाहिजे? अर्जात शेतीचं रक्षण असं लिहिलेलं, आणि शेत म्हणजे टॉवरचं पार्किंग. आक्का म्हणाल्या, "पार्किंगात तर जास्त भांडनं हायेत." हवालदार हसला आणि चांगला शेरा लिहून गेला.

न्यायला आल्या त्या दिवशी नवं लुगडं नेसून आल्या होत्या. मी बंदूक पुसून, तेल देऊन तयार ठेवली होती. त्यांनी ती घेतली, तोंड दाराकडे केलं आणि कडी ओढली. खटॅक-खट्. बाहेर रस्त्यावरचा एक माणूस उगाचच जरा लगबगीनं चालायला लागला.

ती पांढरी नळी बघून मला अजून हळहळ वाटत होती, आणि माझ्यातला किंमत सांगणारा गप्प बसत नव्हता. मी म्हणालो, "आक्का, एक विचारू? दरसाल घासत होतात, तर तिचं काळं अंग इतकी वर्षं राहिलं कसं?"

आक्का गोधडीची गाठ मारत होत्या. गाठ नीट बसेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग बंदूक काखेत धरून म्हणाल्या,

"म्या तर लिंबूच आननार व्हते, भाऊ. चिंच तुमी सांगितली."